कॅनिंगच्या लाईनमधील खरी कोंडी कशी ओळखावी?

रातांबा | ५ मे, रात्री १०.२०

रत्नागिरीजवळ आमचा हापूसचा पल्प (गर) डब्यांत भरण्याचा छोटा कारखाना आहे. वडिलांनी सुरू केला, आता मी पाहतो. फळ धुणे, टेबलावर देठ आणि डाग काढणे, गर काढणारा पल्पर, तो गाळणारा फिनिशर, पल्प तापवणाऱ्या वाफेच्या तीन केटल, भरणी, डब्याला झाकण शिवणारा सीमर, भरलेले डबे उकळत्या पाण्यात ठेवण्याचे तीन रिटॉर्ट, थंड पाण्याची टाकी आणि शेवटी पुसून लेबल लावणे, असा सरळ क्रम आहे. डबा ३.१ किलोचा. पल्परच्या पाटीवर 'तासाला २ टन फळ' असे लिहिले आहे. प्रत्यक्षात पूर्ण पाळीची सरासरी काढली, तर तासाला सव्वा टनाच्या वर आम्ही कधीही गेलेलो नाही.

पल्परच्या अलीकडे क्रेटची थप्पी दुपारपर्यंत छातीएवढी होते. संध्याकाळी तळाच्या क्रेटमधले फळ मऊ पडून त्याचा रस फरशीवर येतो आणि तेवढे फळ टाकून द्यावे लागते. पल्पर कमी पडतो आहे, असे माझे मत झाले असून दुसऱ्या पल्परचे दरपत्रकही मागवले आहे. बँकेत जाण्यापूर्वी जाणत्या माणसांना एकदा विचारावे, असे पत्नीचे म्हणणे पडले, म्हणून हा धागा. हंगाम जेमतेम महिनाभर उरला आहे.

खेकडा | ५ मे, रात्री १०.४५

दरपत्रक बाजूला ठेवा आणि कारखाना वहिनींकडे सोपवा.

जुना फिटर | ६ मे, सकाळी ७.१०

एकच प्रश्न विचारतो, त्याचे उत्तर अंदाजाने देऊ नका. थप्पी लागलेली असताना पल्पर चालू असतो, की बंद असतो?

थप्पी ज्याच्या दारात, तो दोषी, असे आपण सहज धरून चालतो. पल्पर अखंड चालूनही माल मागे तुंबत असेल, तर पल्परच कमी पडतो, हे मान्य. परंतु चालकाला तो मधूनमधून बंद करावा लागत असेल, तर अडचण त्याच्या पुढे कुठेतरी आहे आणि थप्पी ही केवळ तिची शेपटी आहे. मी पूर्वी ज्या कारखान्यात होतो, तेथे मालकांनी असाच दुसरा पल्पर आणला. त्यानंतर एकाऐवजी दोन पल्पर बंद उभे राहू लागले.

एक वही, एक पेन्सिल आणि घड्याळ घ्या. पल्परच्या चालकाने यंत्र बंद केले की वेळ लिहायची, सुरू केले की वेळ लिहायची, आणि कारण तीन-चार शब्दांत लिहायचे. दोन दिवसांत चित्र स्पष्ट होईल. चालकाला आधीच सांगा, की ही वही त्याची चूक काढण्यासाठी नाही. नाहीतर प्रत्येक ओळीत 'वीज गेली' असेच लिहिलेले मिळेल.

कृष्णगिरीकर | ६ मे, सकाळी ११.३०

मी मूळचा चिपळूणचा, आता तमिळनाडूत कृष्णगिरीला तोतापुरीच्या कारखान्यात आहे. आमच्याकडे पल्प डब्यांऐवजी निर्जंतुक पिशवीत आणि ती पिशवी ड्रममध्ये, अशी भरणी होते. त्यामुळे तुमच्या रिटॉर्टबद्दल मी अधिकाराने बोलू शकत नाही. मात्र माझा अनुभव असा, की फळाच्या कारखान्यातील सर्वांत मोठी कोंडी यंत्रांच्या आधी असते, आणि ती म्हणजे पिकवणे. आज कापायचे फळ आज पिकलेले हवे, आणि तेही सगळे सारखे. अर्धे कच्चे फळ पल्परमध्ये गेले, तर गर कमी निघतो, रंग फिका येतो आणि गोडी भरत नाही. मग प्रयोगशाळा तो माल अडवून धरते आणि लाईन थांबते. तुमची पिकवण्याची व्यवस्था काय आहे?

रातांबा | ६ मे, रात्री ९.०५

फिटरकाका, उत्तर देताना थोडा संकोच वाटतो आहे. आज मी स्वतः स्टूल टाकून पल्परजवळ बसलो. आठ तासांत पल्पर चौदा वेळा बंद झाला. त्यांपैकी अकरा वेळा कारण एकच होते: 'केटल भरलेल्या'. दोनदा कोयी आणि सालांची ट्रॉली भरून वाहू लागली आणि ती रिकामी करायला माणूस जागेवर नव्हता. एकदा खरोखरच वीज गेली.

कृष्णगिरीकर, आम्ही पूर्वी पेंढ्यात अढी घालत होतो. आता फळ पिकवणाऱ्या इथिलीन वायूची खोली आहे आणि फळ चार दिवसांत तयार होते. एकूण क्रेट २,६००, एका क्रेटमध्ये सरासरी २० किलो.

वाफेचा हिशोब | ७ मे, सकाळी ८.४०

म्हणजे पल्परवरचा आरोप मागे घ्यावा लागेल. आता केटल का रिकाम्या होत नाहीत, ते पाहू. माझे आयुष्य बॉयलरच्या घरात गेले असल्यामुळे मला सगळीकडे वाफच दिसते, हे आधीच मान्य करतो. बॉयलर किती क्षमतेचा आहे? एका रिटॉर्टमध्ये किती डबे आणि किती पाणी बसते? आणि तिन्ही रिटॉर्ट एकाच वेळी लावता, की मागेपुढे?

रातांबा | ७ मे, दुपारी १.१५

बॉयलर १ टनाचा, ७ किलो दाबाचा. एका रिटॉर्टमध्ये ८० डबे आणि साधारण ६०० लिटर पाणी. तिन्ही रिटॉर्ट एकदमच लावतो. डब्यांच्या बास्केट उचलायची चेनपुली एकच आहे, त्यामुळे माणसे एकदा लागली की तिन्ही भरून टाकतात आणि मग दुसऱ्या कामाला जातात.

वाफेचा हिशोब | ७ मे, रात्री ८.५०

मला हीच शंका होती. थोडे आकडे मांडतो, कारण त्यांच्याशिवाय हा वाद 'मला वाटते' आणि 'तुम्हाला वाटते' यांतच संपेल.

बॉयलरवर लिहिलेला '१ टन' हा आकडा आत येणारे पाणी आधीच १०० अंशांचे आहे, असे धरून दिलेला असतो. तुम्ही विहिरीचे ३० अंशांचे पाणी देत असाल, तर ७ किलो दाबाला त्याच बॉयलरमधून तासाला साधारण ८५० किलोच वाफ मिळते. तीही बॉयलर स्वच्छ आणि जळण कोरडे असेल तेव्हा.

आता मागणी पाहा. ६०० लिटर पाणी ६० अंशांवरून १०० अंशांवर न्यायला सुमारे ४८ किलो वाफ लागते. तीन रिटॉर्ट एकदम लावले, की १४४ किलो. हे काम दहा मिनिटांत व्हावे अशी अपेक्षा असेल, तर त्या दहा मिनिटांपुरती मागणी तासाला ८६० किलोंच्या वेगाने चालू असते. म्हणजे बॉयलरची सगळी वाफ रिटॉर्टच पिऊन टाकतात, आणि केटलमधील पल्प त्या वेळी तसाच कोमट बसून राहतो. गंमत अशी, की केटलची स्वतःची गरज फार नाही: तासाला १ टन पल्प ३० अंशांवरून ८८ अंशांवर न्यायला हिशोबाने १०० किलोंच्या आसपास वाफ पुरते. ती सबंध तासभराची गरज आहे, पण दर फेरीला नेमक्या नको त्या वेळी वाफ तिला मिळत नाही.

म्हणून माझा सल्ला: रिटॉर्ट पंधरा-पंधरा मिनिटांच्या अंतराने लावा. खर्च शून्य. आणि रिटॉर्टची एक पूर्ण फेरी मिनिटामिनिटाने लिहून पाठवा.

घाटावरचा उद्योजक | ७ मे, रात्री ९.३०

हिशोब सुंदर आहे, तरी मी असहमत आहे. हापूसचा हंगाम मोजक्या दिवसांचा. त्यात वह्या लिहीत बसायचे, प्रयोग करायचे, तोपर्यंत पाऊस येतो. माझा टोमॅटोच्या प्युरीचा कारखाना आहे. वाफ कमी पडली तेव्हा मी सरळ २ टनांचा बॉयलर घेतला आणि डोकेदुखी संपवली. मोठे यंत्र कधी वाया जात नाही.

वाफेचा हिशोब | ७ मे, रात्री ९.५५

उद्योजकसाहेब, तुमच्याकडे टोमॅटो आटवावा लागतो, म्हणजे पाणी उडवण्यासाठी अखंड वाफ लागते. तेथे मोठा बॉयलर योग्यच होता. यांच्याकडे आटवणे नाही, केवळ तापवणे आहे. सरासरी गरज कमी आणि उसळी मोठी, अशा ठिकाणी बॉयलर वाढवण्यापेक्षा उसळी पसरवणे स्वस्त पडते. मोठा बॉयलर अकरा महिने गंजत उभा राहील, त्याचा हप्ता मात्र बारा महिने चालू राहील.

प्रयोगशाळेतली | ८ मे, सकाळी १०.२०

मी गुणवत्ता विभागात काम करते, त्यामुळे मला येथे थोडे कटू बोलावे लागेल. रिटॉर्टवर कोंडी आहे असे एकदा ठरले, की कारखान्यातील कोणीतरी हमखास म्हणतो, 'बावीस मिनिटांऐवजी अठरा मिनिटे ठेवू, कोणाला कळणार आहे?' कृपया तिकडे वळू नका. आंब्याच्या पल्पचा सामू (pH, आम्लतेचे माप) ४.६ च्या खाली असतो, म्हणून आपल्याला दाबाखाली न शिजवता उकळत्या पाण्याच्या तापमानावर काम भागवता येते. ही सवलत निसर्गाने दिलेली आहे, तिच्यावर आणखी सूट मागू नये. ठरवून दिलेली वेळ आणि डब्याच्या मध्यभागाचे तापमान ही या लाईनमधील न हलणारी खुंटी समजा. बाकी सगळे तिच्याभोवती हलवा.

तसेच सीमर दर तासाला थांबवून डब्याची शिवण उघडून पाहतात, तो वेळही 'वाया गेलेला' म्हणून वहीत लिहू नका. वर्षभर गोदामात राहणाऱ्या डब्याची सगळी भिस्त त्या शिवणीवर असते.

एक प्रश्न मात्र आहे: डबे थंड कितीपर्यंत करता?

टेबल क्रमांक ४ | ८ मे, दुपारी ३.४०

मी अकरा हंगाम डाग काढण्याच्या टेबलावर काम केले आणि नंतर त्याच टेबलांची सुपरवायझर झाले. येथे सगळी चर्चा यंत्रांची चालली आहे, म्हणून लिहिते.

आमच्याकडेही एकदा बाहेरून साहेब आले होते आणि त्यांनी घड्याळ लावून आम्हा बायकांचा वेग मोजला. सकाळी नऊला जो वेग होता, तो दुपारी तीनला निम्मा झालेला त्यांना दिसला, आणि त्यांनी अहवालात 'कामगारांचा उत्साह कमी होतो' असे लिहिले. सुरीला सकाळनंतर कोणी धार लावत नव्हते, हे त्यांनी विचारलेच नाही. बोथट सुरीने साका पडलेला, म्हणजे आतून खराब झालेला, भाग कापताना चांगला गरही निघून जातो, हाताला चीक लागून सुरी निसटते, आणि प्रत्येक फळाला दुप्पट वेळ लागतो. आम्ही जेवणाच्या सुट्टीत सगळ्या सुऱ्या बदलण्याची पद्धत पाडली आणि तीनचा वेग जवळपास नऊएवढाच राहिला.

तुमच्या कोयींच्या ट्रॉलीचेही तसेच आहे. ती भरली की ओढायची कोणी, हे ठरलेले नसेल, तर ती सगळ्यांची असते आणि म्हणून कोणाचीच नसते. दुसरी रिकामी ट्रॉली शेजारी उभी ठेवा.

जुना फिटर | ८ मे, दुपारी ४.००

ताई, हे आमच्या पंधरा मुद्द्यांवर भारी आहे. सुरीची धार मीही कधी वहीत लिहिली नव्हती.

गणिती | ८ मे, रात्री ११.१०

मी कारखान्यात कधी गेलेलो नाही, उत्पादनशास्त्र शिकवतो. दोन गोष्टी जोडतो.

एलियाहू गोल्डरॅट यांचा मर्यादांचा सिद्धांत सांगतो, की साखळीचा वेग तिच्यातील सर्वांत मंद टप्पा ठरवतो. त्या टप्प्यावर गेलेला एक तास म्हणजे संपूर्ण कारखान्याचा एक तास, आणि बाकीच्या टप्प्यांवर वाचवलेला तास बहुधा मृगजळ असतो. म्हणून पल्परचा वेग वाढवला असता, तर थप्पी फक्त पल्परच्या अलीकडून पलीकडे सरकली असती. मंद टप्पा सुधारला की दुसराच एखादा टप्पा मंद ठरतो, हे गृहीत धरूनच पुढे जायचे असते.

दुसरी गोष्ट म्हणजे जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये सिद्ध केलेला नियम: आत असलेला माल बरोबर रोज येणारा माल गुणिले मुक्कामाचे दिवस. तुमचे २,६०० क्रेट म्हणजे ५२ टन. फळ पिकण्यासाठी चार दिवस मुक्काम करते. म्हणजे क्रेटच्या हिशोबाने तुम्ही रोज १३ टनांपेक्षा जास्त फळ कापूच शकत नाही. आज तुम्ही सव्वा टनाने आठ तासांत १० टन कापता, म्हणून हे अजून टोचलेले नाही. कृष्णगिरीकरांचा मुद्दा चुकीचा नव्हता, त्याची पाळी यायची आहे.

कृष्णगिरीकर | ९ मे, सकाळी ६.५०

धन्यवाद. मी हे घरी छापून लावणार आहे.

रातांबा | १४ मे, रात्री १०.३०

आठवडाभर लिहू शकलो नाही, क्षमस्व. रिटॉर्टची फेरी मोजली. भरणे ६ मिनिटे, तापणे २२, ठरलेली वेळ २२, बास्केट बाहेर निघण्याची वाट १४, उतरवणे ६. एकूण ७० मिनिटे. तीन रिटॉर्ट, २४० डबे, ७० मिनिटे म्हणजे तासाला २०६ डबे, म्हणजे साधारण ६४० किलो पल्प. आमच्याकडे फळाच्या निम्मा पल्प निघतो. गुणून पाहिले, तर फळ तासाला १.२८ टन! ज्या सव्वा टनाचे कोडे मला तीन हंगाम सुटत नव्हते, ते एका कागदावर सुटले.

१० तारखेपासून रिटॉर्ट पंधरा मिनिटांच्या अंतराने लावतो आहोत. तापण्याची वेळ २२ वरून ११ मिनिटांवर आली आणि केटल भरून थांबणे जवळपास बंद झाले. परंतु बास्केट बाहेर निघण्याची १४ मिनिटे तशीच आहेत. थंड पाण्याच्या टाकीत आधीची बास्केट बसलेली असते. दुपारी त्या टाकीचे पाणी ३८ अंशांवर जाते. प्रयोगशाळेतल्या ताई विचारत होत्या त्याचे उत्तर: डबे 'हाताला सोसतील इतके' थंड करतो, मोजत नाही.

प्रयोगशाळेतली | १४ मे, रात्री ११.००

मोजा. एक डबा चांगला हलवून, उघडून, आत थर्मामीटर घाला. डब्याचे तापमान ४० अंशांच्या आसपास आले की बाहेर काढायचा. त्याहून गरम डबे थप्पीत रचले, तर मधले डबे दिवसभर गरम राहतात, पल्प काळपट होतो आणि उष्णताप्रेमी जिवाणूंना संधी मिळते. त्याहून जास्त थंड केले, तर डब्यात स्वतः सुकण्याएवढी उष्णता राहत नाही आणि शिवणीच्या कडेला गंज धरतो. तुमच्या बाबतीत काही डबे गरजेपेक्षा जास्त वेळ टाकीत बसत असण्याचीही शक्यता आहे. आणि त्या पाण्यात क्लोरीन नियमित तपासा, कारण थंड होताना डब्यात निर्वात तयार होतो आणि शिवणीतून पाण्याचा सूक्ष्म अंश आत ओढला जाऊ शकतो.

जुना फिटर | १५ मे, सकाळी ६.४५

टाकीत नवे पाणी कोठून येते आणि जुने कोठून जाते, ते पाहून सांगा. वाकून पाहा, आराखड्यात पाहू नका.

रातांबा | १५ मे, दुपारी १२.३०

काका, तुम्ही आमच्याकडे कधी येऊन गेला होतात का? विहिरीच्या पाण्याचा पाईप आणि जादा पाणी वाहून जाण्याचे तोंड टाकीच्या एकाच कोपऱ्यात आहेत, हातभर अंतरावर. थंड पाणी येते आणि डब्यांना न भेटताच सरळ निघून जाते. हात घालून पाहिला: त्या कोपऱ्यात पाणी गार, समोरच्या कोपऱ्यात चटका बसेल इतके गरम. हे दहा वर्षे असेच आहे.

खेकडा | १५ मे, दुपारी १२.४०

दहा वर्षे तुम्ही गटार थंड करत होता.

रातांबा | २६ मे, रात्री ९.१५

पाईप वाढवून समोरच्या कोपऱ्यात तळापर्यंत नेला; प्लंबरची मजुरी धरून खर्च दोन हजारांच्या आत झाला. शेजारच्या काजूच्या कारखान्यातून दुसरी चेनपुली हंगामापुरती उसनी आणली. थांबण्याची १४ मिनिटे ७ वर आली आहेत, फेरी ५२ मिनिटांची झाली आहे, आणि तासाला २७७ डबे, म्हणजे फळ १.७ टन. कोयींची दुसरी ट्रॉली ठेवली आणि सुऱ्या जेवणाच्या सुट्टीत बदलतो. ठरलेल्या २२ मिनिटांना हात लावलेला नाही. पल्परच्या पाटीवरचे २ टन अजून गाठलेले नाहीत, पण संध्याकाळी मऊ पडून टाकायचे फळ आता बादलीभरही निघत नाही.

आणि गणिती म्हणाले तसे झाले. १.७ टनाने आठ तासांत साडेतेरा टन होतात, आणि परवा दुपारी तीनला पहिल्यांदाच पल्पर फळाअभावी थांबला. पिकवण्याच्या खोलीत जागा होती, बागायतदार फळ घेऊन दारात उभे होते, पण रिकामे क्रेट नव्हते.

घाटावरचा उद्योजक | २६ मे, रात्री ९.४०

बॉयलरबद्दलचे माझे मत या कारखान्यापुरते मागे घेतो. मात्र विहिरीचे पाणी सरळ बॉयलरला देणे थांबवा. केटलच्या जॅकेटमधून (बाहेरच्या वाफेच्या आवरणातून) निघणारे गरम पाणी परत आणून ३० ऐवजी ८० अंशांचे पाणी दिलेत, तर जळणात सुमारे ८ टक्के बचत होईल. हे मी माझ्याकडे करून पाहिले आहे.

रातांबा | २७ मे, सकाळी ७.३०

ते पुढील हंगामाच्या यादीत पहिल्या क्रमांकावर लिहिले. पल्परवाल्यांना नकार कळवला आहे. सध्या चारशे क्रेट हवे आहेत, २० किलोचे, एकात एक न बसणारे. रत्नागिरी ते कणकवली या पट्ट्यात कोणाकडे हंगाम संपत आलेला असेल आणि भाड्याने द्यायचे असतील, तर कृपया येथेच कळवावे, वाहतूक आमची.

टेबल क्रमांक ४ | २७ मे, सकाळी ८.१०

आमच्याकडे दीडशे आहेत, १ जूनपासून मोकळे होतील. धुऊन परत द्यावेत, एवढीच अट आहे.